३९ की ४३? जुन्या जीपच्या मागच्या ॲक्सलचा इतिहास आणि दात मोजण्याची विद्या

१/२५
जुन्या जीपच्या मागे वाकून पाहिले, तर दोन चाकांना जोडणाऱ्या लोखंडी नळीवर, मधोमध नव्हे तर किंचित उजवीकडे, भोपळ्याएवढा एक फुगवटा दिसतो. त्याच्या पोटात तेलात बुडालेली दोन दातेरी चाके असतात. लहान चाकाला ८ दात. मोठ्याला ३९, नाहीतर ४३. ही गाडी रणांगणासाठी घडली की शेतासाठी, याचे उत्तर त्या चार दातांच्या फरकात आहे. गाडीचे कागद हरवतात, रंग बदलतो, इंजिनही बदलते. हे दात मात्र कोणी उघडून पाहीपर्यंत मूकपणे आपली साक्ष राखून बसतात. ती साक्ष कशी काढावी आणि ती का काढावी, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/२५
आधी तत्त्व समजून घेऊ. इंजिनाची गती गिअरबॉक्समधून निघून एका लांब दांड्याने मागे येते. हा प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या टोकाला बसवलेले लहान चाक म्हणजे पिनियन. पिनियन ज्या मोठ्या चाकाला फिरवते ते क्राऊन. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की येणारा आकडा म्हणजे मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर. गॅरेजच्या भाषेत नुसता 'रेशो'. ३९ भागिले ८ म्हणजे ४.८७५, व्यवहारात ४.८८. ४३ भागिले ८ म्हणजे ५.३७५, व्यवहारात ५.३८. याचा अर्थ असा की गाडीचे चाक एकदा फिरण्यासाठी शाफ्टला एवढे फेरे घ्यावे लागतात.

३/२५
आकडा मोठा असेल तर चाकाला जोर अधिक मिळतो, वेग कमी. आकडा लहान असेल तर याच्या उलट. विहिरीवरचा रहाट ज्यांनी ओढला आहे त्यांना हा हिशेब नव्याने सांगावा लागत नाही: जोर वाचवायचा तर फेरे वाढतात. मोटारीच्या आरंभकाळापासून प्रत्येक रचनाकाराला हा सौदा करावा लागला. फोर्डच्या १९०८च्या 'मॉडेल टी'मध्ये क्राऊनला ४० आणि पिनियनला ११ दात होते, गुणोत्तर ३.६४. इंजिन अवघे २० अश्वशक्तीचे. तिच्या जागी आलेल्या 'मॉडेल ए'मध्ये इंजिनाची शक्ती ४०वर गेली, तरी नेहमीचे गुणोत्तर ३४ भागिले ९, म्हणजे ३.७८ ठेवले गेले. शक्ती वाढली म्हणून आकडा कमी झालाच पाहिजे असे नसते. गाडीकडून काय काम घ्यायचे आहे, त्यावर तो ठरतो.

४/२५
त्या फुगवट्यात आणखी एक यंत्रणा असते, आणि पुढे ओळख पटवताना तीच आपल्याला चकवणार आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एकाला फरफटत जावे लागेल. यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियल. फ्रेंच यंत्रकार ओनेसिफोर पेकर याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी त्याचे पेटंट घेतले. पेट्रोलवरची मोटार जन्मण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. डिफरन्शियलचा नियम साधा आहे: क्राऊनची गती ही दोन्ही चाकांच्या गतींची सरासरी असते. एक चाक थांबले तर दुसरे दुप्पट फिरते. हा नियम ध्यानात ठेवावा.

५/२५
क्राऊन-पिनियनचे दात कापणे हे एकेकाळी मोटारउद्योगातले अवघड काम होते. सरळ दातांची चाके आवाज करीत आणि लवकर झिजत. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात विल्यम ग्लीसन यांनी १८७४ साली असे तिरके दात कापणारे यंत्र घडवले. त्यांची कन्या केट ग्लीसन यांनी ही यंत्रे अमेरिकेत आणि युरोपातही विकली. १९१४ साली अमेरिकेच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना पूर्ण सदस्यत्व दिले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९१३मध्ये पॅकार्ड कंपनीने वळणदार दातांची जोडी मोटारीत आणली. १९२६च्या सुमारास तिनेच 'हायपॉइड' जोडी स्वीकारली. तिच्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसते, त्यामुळे शाफ्ट खाली येतो आणि दातांची पकडही वाढते. जीपच्या पोटात आहे ती याच जातीची जोडी.

६/२५
या जोड्या कारखान्यात एकमेकींवर घासून जुळवल्या जातात. म्हणून एका जोडीचे पिनियन दुसऱ्या जोडीच्या क्राऊनशी लावले, तर दातांची संख्या बरोबर असूनही ॲक्सल रडू लागतो. दातांच्या संख्याही विचार करून निवडलेल्या असतात. ८ आणि ३९ यांना समान भाजक नाही. ८ आणि ४३ यांनाही नाही. परिणामी पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सर्वांवर सारखी वाटली जाते. ४० आणि ८ अशी जोडी घेतली असती, तर तेच ते दात पुन्हा पुन्हा भेटले असते आणि एखाद्या दाताचा दोष नेमक्या त्याच पाच दातांना खात राहिला असता.

७/२५
आता जीपकडे. १९४० सालच्या उन्हाळ्यात, फ्रान्स पडल्यानंतर, अमेरिकी सैन्याने एका हलक्या, चारही चाकांना गती देणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी काढली. १३५ कंपन्यांना विचारणा झाली, मुदत अतिशय तुटपुंजी. पेनसिल्व्हेनियातील बटलर येथील बँटम या लहानशा कंपनीने हे आव्हान उचलले. कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला आणि पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलँडमधील होलाबर्डच्या लष्करी तळावर दाखल झाला. पुढे मोठे कंत्राट मात्र विलिस-ओव्हरलँडला मिळाले आणि तिच्या बरोबरीने फोर्डनेही तीच गाडी बांधली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या बाहेर काढल्या होत्या.

८/२५
घाईच्या त्या काळात नवा ॲक्सल मुळापासून रचायला वेळ नव्हता. टोलेडो येथील स्पायसर कंपनीचे ॲक्सल हाताशी होते; त्यांनाच जीपच्या मापात बसवण्यात आले. विलिसची गाडी 'एमबी' आणि फोर्डची 'जीपीडब्ल्यू'. सैन्याची अट होती की एकीचे भाग दुसरीला बसले पाहिजेत. फोर्डने आपल्या भागांवर 'एफ' हे अक्षर उमटवले, पण मापे विलिसचीच ठेवली. तुटलेल्या दोन गाड्यांतून एक चालती गाडी उभी करता यावी, हा या अटीचा हेतू. युद्धात तो सफल झाला. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र याच गुणामुळे पुढे डोकेदुखी झाली, ती कशी हे ओघाने येईलच.

९/२५
युद्धाच्या जीपमध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे ३९ आणि ८ दात होते: ४.८८. हा तडजोडीचा आकडा होता. गाडीने चिखलात आणि चढावर हळूहळू रांगावे, तोफ ओढावी, पण सडकेवर लष्करी तांड्याबरोबर धावावेही. इंजिन २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे, 'गो-डेव्हिल' या टोपणनावाचे. समोरच्या पत्र्याच्या पाटीवर तिसऱ्या गिअरमधील वेगमर्यादा ताशी ६५ मैल अशी कोरलेली असे. त्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे ३,८०० फेरे घेते, आणि त्याची पूर्ण शक्ती ४,००० फेऱ्यांना मिळते. म्हणजे ४.८८ या आकड्याने इंजिनाला त्याच्या क्षमतेच्या काठापर्यंत नेऊन ठेवले होते.

१०/२५
१९४५ साली युद्ध संपताना विलिससमोर प्रश्न उभा राहिला: आता ही गाडी कोणाला विकायची? कंपनीने शेतकऱ्याकडे पाहिले. त्याच वर्षी 'सीजे-२ए' आली. सीजे म्हणजे नागरी जीप. नांगर ओढणे, करवत चालवणे, पंप फिरवणे, आठवडी बाजाराला जाणे, अशी सर्व कामे तिच्याकडून घेता येतील अशी जाहिरात झाली. इंजिन तेच, टायरचे माप तेच, ६.००-१६. क्राऊनचे दात मात्र ३९वरून ४३ झाले. तलवारीचा फाळ करायचा तर पोलाद तेच राहते, धार बदलते. येथे ती धार चार दातांची होती.

११/२५
या बदलाचा परिणाम आकड्यांत पाहू. सर्वांत जड ओढीसाठी जीपमध्ये पहिला गिअर आणि ट्रान्सफर केसचा 'लो' एकत्र वापरतात. युद्धाच्या जीपमध्ये या सर्वांचा गुणाकार सुमारे २५ होई. सीजे-२एमध्ये तो ३६च्या पुढे गेला. यात गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधील बदलांचाही वाटा आहे, सारे श्रेय ॲक्सलचे नाही. इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर लष्करी जीप या गिअरमध्ये ताशी सुमारे ५ किलोमीटर चालते आणि शेतीची जीप साडेतीनच्या आसपास. पहिला वेग पायदळाच्या झपाट्याचा आहे, दुसरा नांगराच्या बैलांचा.

१२/२५
सडकेवर काय होते? ६.००-१६ टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो; एका किलोमीटरला सुमारे ४५० फेरे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. वरच्या गिअरमध्ये गती गिअरबॉक्समधून थेट मागे जाते, म्हणून इंजिनाचे फेरे म्हणजे ४५० गुणिले ॲक्सलचे गुणोत्तर. ४.८८ असेल तर सुमारे २,२००. ५.३८ असेल तर सुमारे २,४२०. शेतीची जीप त्याच वेगाला दहा टक्के अधिक धापा टाकते. पेट्रोल, आवाज आणि झीज, तिन्हींवर याचा परिणाम होतो. पुढे कोरियन युद्धाच्या सुमारास आलेल्या 'एम-३८' या लष्करी जीपनेही ५.३८च घेतला. तेव्हा 'लष्करी म्हणजे ४.८८' हे समीकरणही सर्वकाळ खरे नाही.

१३/२५
येथून कथा मुंबईला येते. युद्धकाळात अमेरिकी आणि ब्रिटिश सैन्याबरोबर जीप भारतात आली आणि युद्धानंतर शिल्लक माल 'डिस्पोजल'मध्ये विकला गेला. २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. त्याच सुमारास मुंबईच्या माझगावात विलिसच्या सुट्या भागांपासून जीप जोडण्याचे काम सुरू झाले. डिस्पोजलची लष्करी जीप आणि कारखान्यात जोडलेली नागरी जीप, अशी दोन घराणी एकाच देशात नांदू लागली.

१४/२५
अमेरिकेत १९५३ साली उंच बोनेटची 'सीजे-३बी' आली. तेथे तिचे उत्पादन १९६८मध्ये थांबले. जपानमध्ये मित्सुबिशीने आणि भारतात महिंद्राने परवान्याखाली ती बांधली, आणि भारतात तिचा वंश कितीतरी वर्षे अधिक चालला. तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत, पोलीस ठाण्यापासून साखर कारखान्यापर्यंत महाराष्ट्राने जी जीप पाहिली ती बहुतांशी याच वंशातील. मूळ सीजे-३बीचे गुणोत्तर ५.३८. पुढे पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिने आली. डिझेल इंजिन सावकाश फिरते, जोर मात्र खालूनच देते; म्हणून त्याला लहान आकड्याचा ॲक्सल मानवतो. अशा रीतीने एकसारख्या दिसणाऱ्या गाड्यांत निरनिराळे दात शिरले.

१५/२५
आता आठव्या भागातील डोकेदुखी. भाग एकमेकांत बसतात, म्हणून ते बसवले गेले. मागचा क्राऊन तुटला की मिस्त्री भंगारबाजारातून जो मिळेल तो संपूर्ण ॲक्सल आणून लावी. गाडी चालू लागे आणि मालक खूश होई. एकाच जीपमध्ये पुढचा ॲक्सल लष्करी आणि मागचा नागरी, असा संकर यातून सहज घडू शकतो. मागच्याच चाकांवर चालवली तर त्याचा पत्ताही लागत नाही. पुढची चाके तेव्हा नुसती रस्त्यामुळे फिरत असतात. वर्षानुवर्षे गाडी बिनतक्रार चालते, आणि दोष तसाच झोपून राहतो.

१६/२५
तो जागा होतो फोर-व्हीलचा दांडा ओढल्यावर. जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट तेव्हा एकमेकांशी घट्ट बांधले जातात. दोघांचे फेरे सारखेच. समजा पुढे ४.८८ आणि मागे ५.३८ आहे. पुढची चाके ४५० फेरे घेतील तेवढ्यात मागची ४०८च घेतील. किलोमीटरमागे ४२ फेऱ्यांचा, म्हणजे नव्वदेक मीटरचा झगडा. चिखलात चाके घसरून हा झगडा मिटवतात. डांबरावर घसरायला जागा नसते. मग शाफ्ट पिळले जातात, दांडा परत निघत नाही, स्टिअरिंग जड होते आणि शेवटी ट्रान्सफर केसचा, जॉइंटचा किंवा क्राऊनचा बळी जातो. पावसाळी घाटात, चिखल आणि डांबर आलटूनपालटून येत असताना, हे होऊ शकते. म्हणून गुणोत्तर ओळखणे हा केवळ हौशी संग्राहकांचा छंद नाही.

१७/२५
ओळख पटवायची कशी? येथे इतिहासाची शिस्त उपयोगी पडते. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी बखर आणि अस्सल पत्र यांत भेद करायला शिकवले. बखर रंजक असते, पण घटनेनंतर लिहिलेली. पत्र त्या क्षणाचे असते. आपल्या विषयात मालकाची ऐकीव माहिती आणि आरसी बुक ही बखरीच्या जागी आहेत. आरसी बुकात इंजिन आणि चासीचा क्रमांक असतो, ॲक्सलचे दात नसतात. मूळ मॉडेलच्या पुस्तिकेतून कारखान्याने काय बसवले होते ते कळते. आज तेथे काय आहे ते कळत नाही.

१८/२५
दुसरा पुरावा शिलालेखासारखा. अशा अनेक ॲक्सलांवर मागच्या झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी अडकवलेली असते. तिच्यावर गुणोत्तर किंवा दातांच्या संख्या ठोकलेल्या असतात. तारेच्या ब्रशने माती आणि जुने ग्रीस काढून ती वाचावी. पण शिलालेखही हलवता येतो. झाकण उघडून पुन्हा लावताना पट्टी हरवते, दुसऱ्या ॲक्सलची पट्टी येथे लागते, किंवा आतली जोडी बदलूनही जुनी पट्टी तशीच राहते. पट्टी मिळाली तर आनंद मानावा, पण तपास तेथे थांबवू नये.

१९/२५
तिसरा मोह बाह्यरूपाचा. लष्करी जीपचा मागचा ॲक्सल 'फुल फ्लोटिंग' जातीचा: चाकाच्या मध्यभागी सहा बोल्टांची तबकडी दिसते. नंतरच्या सीजे गाड्यांत ती दिसत नाही. त्यामुळे 'तबकडी दिसली की ४.८८' असा समज होणे स्वाभाविक आहे. पण आरंभीच्या काही सीजे-२ए गाड्यांनाही तसाच फुल फ्लोटिंग ॲक्सल होता, आणि आत दात मात्र ४३. वेशावरून घराणे ओळखण्याची चूक येथेही होऊ शकते.

२०/२५
चौथी साक्ष स्पीडोमीटरची. जीपमध्ये त्याची तार ट्रान्सफर केसमधून निघते, म्हणजे ॲक्सलच्या आधी. तो शाफ्टचे फेरे मोजतो आणि त्यावरून वेग दाखवतो. म्हणून त्याचा छोटा गिअर ॲक्सलच्या गुणोत्तराला जुळवून दिलेला असतो. ४.८८च्या जागी ५.३८ बसवला आणि हा गिअर तसाच ठेवला, तर स्पीडोमीटर दहा टक्के जास्त वेग दाखवील. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी पडताळून पाहता येते: दहा दगडांत काटा अकरा मोजत असेल तर संशय घ्यावा. मात्र टायर बदलल्यानेही असाच फरक पडतो. ही साक्ष संशयापुरती घ्यावी, निकालासाठी पुरेशी मानू नये.

२१/२५
निकाल देणारी पहिली कसोटी म्हणजे चाक फिरवून मोजणे. त्याआधी सावधगिरीचा एक शब्द. या जुन्या जीपगाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. एक मागचे चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरू शकते, आणि शाफ्ट आवळलेला असूनही गाडी जॅकवरून घरंगळू शकते. शिवाय मोजणीसाठी तो ब्रेक सोडावाच लागतो. म्हणून सपाट, टणक जागा निवडावी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम ठोकळे लावावेत, जमिनीवरच्या मागच्या चाकालाही लावावेत. जॅकसोबत पक्का स्टँड हवाच, आणि गाडीखाली शिरू नये. शाफ्ट बाजूने दिसतो.

२२/२५
आता गिअर न्यूट्रलमध्ये, फोर-व्हील सोडलेले, हँडब्रेक सोडलेला. उचललेल्या चाकावर आणि समोर जमिनीवर खडूने खूण करावी. शाफ्टवरही एक खूण. एकाने चाक सावकाश फिरवावे, दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजावेत. येथे पेकरचा नियम आठवावा. दुसरे चाक जमिनीवर स्थिर आहे, म्हणून हाताशी असलेले चाक दोनदा फिरेल तेव्हा क्राऊन एकदा फिरेल. चाकाच्या दोन फेऱ्यांत शाफ्टचे पाचाला थोडे कमी, म्हणजे ४ पूर्णांक ७/८ फेरे झाले तर ४.८८. पाचाहून थोडे जास्त, ५ पूर्णांक ३/८ झाले तर ५.३८. दोहोंत नेमका अर्ध्या फेऱ्याचा फरक.

२३/२५
हे विसरून चाक एकदाच फिरवले, तर २.४४ किंवा २.६९ असे आकडे येतात. ते खोटे वाटत नाहीत, कारण काही अमेरिकी मोटारींत या आसपासची गुणोत्तरे खरोखरच असतात. दोन्ही चाके उचलली तरी घोटाळा होतो: एक सरळ फिरते, दुसरे उलट, आणि शाफ्ट जागचा हलत नाही. अचूकपणा हवा असेल तर चाक सोळा वेळा फिरवावे. सोळा फेऱ्यांत क्राऊन आठदा फिरते आणि पिनियनला ८ दात आहेत. म्हणून शाफ्टचे फेरे नेमके क्राऊनच्या दातांएवढे होतात. ३९ किंवा ४३. खडूच्या खुणा पुन्हा जागेवर येतात. झाकण न उघडता आपण आतले दात मोजलेले असतात.

२४/२५
अखेरची कसोटी अस्सल पत्राची. फुगवट्याखाली भांडे ठेवून तेल काढावे, झाकणाचे बोल्ट सोडवावेत. अनेक क्राऊनच्या कडेवर दातांच्या संख्या ठोकलेल्या सापडतात. जोडी जुळवल्याचा क्रमांकही असतो आणि तोच पिनियनवर असावा अशी अपेक्षा असते. संख्या वाचता आल्या तरी दात मोजावेतच: एका दातावर खडू लावून तो परत येईपर्यंत. झाकण उघडलेच आहे तर झीज पाहावी, तेलात धातूचा चुरा आहे का ते पाहावे. बंद करताना नवे पॅकिंग आणि हायपॉइड जोडीला चालणारेच तेल घालावे. त्या दातांवर घासही पडतो आणि दाबही, साधे तेल तेथे टिकत नाही. हीच मोजणी पुढच्या ॲक्सलवरही करावी. मागचा आकडा एकटा अर्धेच सत्य सांगतो.

२५/२५
पुढचे-मागचे आकडे जुळले नाहीत, तर जोडी बदलून होईपर्यंत फोर-व्हीलचा दांडा ओढू नये. जुळले, तर गाडीच्या चरित्रातील एक ओळ पक्की झाली. आजोबांच्या, गावच्या सोसायटीच्या किंवा मित्राच्या गोठ्यात अशी एखादी जीप उभी असेल, तर एखाद्या रविवारी खडू, ठोकळे आणि एक सोबती घेऊन जा. सोळा फेरे मोजा. जो आकडा येईल तो तारखेसह एका कागदावर लिहा, कशावरून ठरवला तेही लिहा, आणि तो कागद आरसी बुकात ठेवा. ज्यांनी तिचे ॲक्सल बदलले त्यांनी काही लिहून ठेवले नाही. पुढच्या मिस्त्रीला तेवढा एक अस्सल कागद तरी मिळावा.
(धागा समाप्त)